जुनी इटालियन गाणी रोमँटिक शैलीत ध्वनिमुद्रित करताना : टेनर गायकांसाठी क्रमवार मार्गदर्शन

मुंबई, पुणे आणि गोव्यात पाश्चात्त्य गायन शिकणारे बहुतेक टेनर (उंच पुरुषी आवाजाचे गायक) "कारो मिओ बेन" किंवा "सेब्बेन, क्रुदेले" यांसारख्या गाण्यांपासूनच सुरुवात करतात. पुढे ऑपेरातील भूमिका गाऊ लागल्यावर स्वतःचे पहिले ध्वनिमुद्रण करायची वेळ आली, की ते पुन्हा याच गाण्यांकडे वळतात. गाणी विद्यार्थिदशेपासून तोंडात बसलेली असल्यामुळे तयारी झालेलीच आहे, असे त्यांना वाटते. अशा ध्वनिमुद्रणांत मी पियानोच्या साथीला बसतो, कधी निर्मात्याच्या खुर्चीतही बसतो, आणि त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा होताना पाहतो. त्यातल्या बहुतेक चुका आवाजाच्या नसतात. जे निर्णय घरी, पेन्सिल हातात घेऊन करायचे, ते माईकसमोर उभे राहिल्यावर केले जातात, हे त्यांचे खरे कारण आहे. रोमँटिक शैलीत लय लवचिक असते आणि सूर एकमेकांत ओवलेले असतात, म्हणूनच तिथे ठरवण्याच्या गोष्टी अधिक असतात. त्या कोणत्या क्रमाने ठरवाव्यात, हे पुढे सांगितले आहे.

## टप्पा १ : शैलीचा निर्णय एकदाच आणि लेखी

सतराव्या-अठराव्या शतकातील ही गाणी आज दोन प्रकारे गायली जातात. पहिल्या प्रकारात हार्प्सिकॉर्ड (पियानोच्या आधीचे पट्ट्यांचे वाद्य) किंवा थिऑर्बो (लांब मानेचे तंतुवाद्य) यांची विरळ साथ असते, गायक पुनरावृत्तीत स्वतःच्या हरकती घालतो आणि पोर्तामेंतो, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे, बेताने वापरतो. दुसऱ्या प्रकारात एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी लिहिलेली पियानोची भरदार साथ असते. तिथे सूर सलग जोडलेले असतात, कंप नैसर्गिक असतो, आणि भावना आवाजाच्या चढउतारातून आणि लयीच्या ताणण्यातून व्यक्त होते. हा लेख दुसऱ्या प्रकाराविषयी आहे.

दोन्ही प्रकार प्रामाणिक आहेत, पण ते एकमेकांत मिसळू नयेत. पियानोवर जाड स्वरसंघ वाजत आहेत आणि गायक मध्येच काच्चीनीच्या काळातला एकाच सुरावर कंठ थरथरवणारा "त्रिल्लो" घेतो आहे, असे ध्वनिमुद्रण मी ऐकले आहे. "अमारिल्ली, मिआ बेल्ला" हे गाणे संगीतकार काच्चीनी यांच्या १६०२ च्या संग्रहातले असल्यामुळे तो मोह होतो, हे मला समजते. तरीही त्या साथीवर तो अलंकार उपरा वाटतो आणि ऐकणारा गाण्यातून बाहेर फेकला जातो.

एका कागदावर पाच ओळी लिहून काढाव्यात : साथ कोणती, हरकती घालणार की नाही, पोर्तामेंतो किती, लय कोणत्या पद्धतीने ताणणार आणि सर्वांत मोठा आवाज कोणत्या गाण्यात, कोणत्या शब्दावर येणार. हा कागद साथीदाराला आणि ध्वनिमुद्रकालाही द्यावा.

तपासणी : ठरवलेल्या यादीतील एखादे गाणे या पाच ओळींत बसत नसेल, तर ते गाणे वगळावे. त्याच्यासाठी शैली बदलू नये.

## टप्पा २ : आवृत्ती आणि पट्टी

रोमँटिक शैलीसाठी मूळ आधार म्हणजे अलेस्सांद्रो पारिसोत्ती यांनी संपादित केलेला आणि रिकोर्दी कंपनीने १८८५ पासून तीन खंडांत काढलेला "आरिए आंतिके" हा संग्रह. आपल्याकडच्या विद्यार्थ्यांच्या हाती असते ते शर्मर कंपनीचे चोवीस गाण्यांचे पुस्तक, आणि त्यातील बऱ्याच साथी पारिसोत्तींच्याच संस्करणावर आधारलेल्या आहेत. याउलट जॉन ग्लेन पेटन यांनी संपादित केलेली सव्वीस गाण्यांची आवृत्ती मूळ स्रोतांकडे परत जाते. ती अभ्यासासाठी जवळ असावी, कारण कोणता सूर संगीतकाराचा आणि कोणता संपादकाचा, हे तिच्यावरून कळते. गाताना मात्र एकीतील गायनओळ आणि दुसरीतील साथ अशी सरमिसळ करू नये. दोघांतील आगंतुक सूर (मुख्य सुराला जोडून छापलेले शोभेचे छोटे सूर) आणि विराम वेगळे असतात आणि ही विसंगती नेमकी ध्वनिमुद्रणात उघडी पडते.

हक्कांचा प्रश्न इथेच मिटवावा. पारिसोत्ती १९१३ मध्ये वारले. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे आणि युरोपीय देशांत ७० वर्षे हक्क राहतात, त्यामुळे त्यांची साथ वापरायला अडचण नाही. अलीकडच्या संपादकाने नव्याने लिहिलेली साथ, किंवा तारवाद्यांसाठी कोणी हल्ली केलेली मांडणी वापरायची असेल, तर लेखी परवानगी आधी घ्यावी.

आता पट्टी. इथे टेनर सर्वाधिक फसतात. "कारो मिओ बेन" उंच आवाजाच्या पुस्तकात ई-फ्लॅट मेजरमध्ये छापलेले असते आणि त्याचा वरचा सूर एफ असतो. ऑपेरात बी-फ्लॅट लावणाऱ्या गायकाला हे किरकोळ वाटते. वास्तविक टेनरचा आवाज साधारण डी ते जी या सुरांदरम्यान छातीच्या आवाजातून वरच्या आवाजाकडे वळतो. म्हणजे या पट्टीत गाण्याचा महत्त्वाचा भाग नेमका त्या वळणावरच, तोही हळू आवाजात आणि लांब सुरांवर येतो. रंगमंचावर वाद्यवृंदाच्या मागे जे लपते, ते दोन मीटरवरच्या माईकला स्पष्ट ऐकू येते. प्रत्येक गाणे छापील पट्टीत, अर्ध्या सुराने खाली आणि एका सुराने खाली अशा तीन पट्ट्यांत गाऊन फोनवर मुद्रित करावे, दोन दिवसांनी ऐकावे आणि मगच निवड करावी. कधीकधी अर्धा सूर वर नेल्यानेही सोपे जाते, कारण लांब सूर वळणाच्या पलीकडे जातो.

इशारा : पट्टी बदलली की पियानोचा पोतही बदलतो. एका सुराहून अधिक खाली नेल्यास डाव्या हातातील जाड स्वरसंघ गढूळ होतात. तसे करणे भाग असेल, तर डाव्या हातातील एखादा मधला सूर वगळण्यास साथीदाराला सांगावे.

## टप्पा ३ : शब्द, सुराशिवाय

किमान दोन आठवडे शब्द न गाता, लयीत मोठ्याने म्हणावेत. मराठी बोलणाऱ्याला इटालियन उच्चारांत काही गोष्टी जन्मजात मिळालेल्या आहेत. त्या बहुतेक जण वापरत नाहीत, कारण गाणी इंग्रजी माध्यमातून शिकलेली असतात.

इटालियन त आणि द हे आपल्या त-द सारखेच दातांवरचे आहेत. "तान्तो" म्हणताना इंग्रजी सवयीने जीभ टाळूला लावून "टान्टो" म्हणू नये. मराठीत च चे दोन उच्चार आहेत, आणि इटालियनला दोन्ही हवेत. "दोल्चे" मधला च चिमणीतला आहे. "सेन्त्सा" मध्ये जो आवाज लागतो, तो चमच्यातल्या च च्या अगदी जवळचा आहे. ज चेही तसेच आहे. अलेस्सांद्रो स्कार्लात्तीच्या १६८० च्या ऑपेरातील "जा इल सोले दाल गान्जे", म्हणजे गंगेवरून उगवणाऱ्या सूर्याचे गाणे, घेऊ. त्यातला पहिला शब्द आपण "तू जा" मधल्या जा सारखा म्हणून टाकतो आणि तो चुकतो. तिथे जीवनातला ज हवा. मराठीतल्या "ज्या" या शब्दाचा उच्चार त्याच्या जवळ जातो. आणि नदीचे नाव "गान्जे" असेच म्हणायचे, आपली ओळखीची गंगा तिथे आणायची नाही.

जे आपल्याकडे नाही, ते कष्टाने मिळवावे लागते. मराठीतील ए आणि ओ बहुधा मिटलेले असतात. इटालियनमध्ये दोन्ही स्वरांची उघडी आणि मिटलेली रूपे आहेत. "बेन" मधला ए उघडा आहे, म्हणजे आपला ए आणि "बॅट" मधला ॲ यांच्या मधोमध. "कोर" मधला ओ उघडा आहे, तर "आमोरे" आणि "दोलोरे" मधला मिटलेला. प्रत्येक अवघड शब्दाचा उच्चार उघड्या-मिटलेल्या खुणा देणाऱ्या इटालियन शब्दकोशात पाहून स्वरलिपीवर खूण करावी. अंदाजाने गाऊ नये.

दुसरी गोष्ट म्हणजे जोड-व्यंजने. "सेब्बेन" मधला ब्ब "पक्का" मधल्या क्क सारखा थांबून येतो आणि त्याचा वेळ आधीच्या स्वराकडून घेतला जातो. सूर तुटेल या भीतीने गायक ही व्यंजने सैल सोडतात. त्यामुळे शब्दाचे हाडच निघून जाते. रोमँटिक शैलीत हा क्षणभराचा अटकाव भावनेचे मोठे साधन असतो, म्हणून तो जपावा.

तिसरी गोष्ट म्हणजे एका सुरावर येणारे दोन स्वर. "क्रेदिमी आल्मेन" मध्ये "मी" आणि "आल्" एकाच सुरावर बसतात. आपली जीभ त्यांच्यामध्ये अर्धी मात्रा पाडून दोन सूर करते. "मी" झटकन सोडून "आ" वर विसावावे. "लान्ग्विशे इल कोर" मध्येही "शे" आणि "इल" असेच एकजीव करावे.

तपासणी : गाण्याचे शब्द फक्त स्वरांनी, सर्व व्यंजने गाळून, पूर्ण लयीत म्हणता आले पाहिजेत. "आ-ओ-ई-ओ-ए" असे अडखळत आले, तर सलग गायन होणार नाही. हे जमेपर्यंत पुढच्या टप्प्याकडे जाऊ नये.

## टप्पा ४ : पेन्सिलीच्या खुणा

हा टप्पा सर्वांत महत्त्वाचा आहे आणि सर्वांत जास्त टाळला जातो. स्वरलिपीची नवी, स्वच्छ छायाप्रत घ्यावी. शिकताना केलेल्या जुन्या खुणा जुन्या सवयीही परत आणतात.

दमसास. पहिल्यांदा श्वासाच्या जागा ठरवाव्यात, कारण बाकी सर्व त्यांच्यावर उभे आहे. "कारो मिओ बेन, क्रेदिमी आल्मेन" ही ओळ एका श्वासात गावी. मधला स्वल्पविराम श्वास घेऊन दाखवू नये. "बेन" चा न किंचित लवकर मिटवून तो दाखवावा. प्रत्येक श्वासाला ठरलेली लांबी द्यावी : लहान, मध्यम किंवा निवांत. श्वास दर वेळी वेगळ्या ठिकाणी घेतला गेला, तर दोन टेक (एकाच गाण्याची वेगवेगळी मुद्रणे) एकमेकांना जोडता येत नाहीत.

पोर्तामेंतो. आपल्या कानाला मींड माहीत असल्यामुळे पोर्तामेंतो सोपा वाटतो, आणि तिथेच घात होतो. मींड सावकाश निघते, मधल्या श्रुतींना स्पर्श करत जाते आणि तो प्रवास हेच तिचे सौंदर्य असते. पोर्तामेंतो पहिला सूर जवळजवळ पूर्ण झाल्यावर, त्याच्या अगदी शेवटच्या अंशात निघतो, मधल्या सुरांवर रेंगाळत नाही आणि पुढचा सूर त्याच्या मात्रेच्या आधीच हलकेच गाठतो. हे सर्व पहिल्या अक्षराच्या स्वरावर घडते. पुढच्या अक्षराचे व्यंजन नवा सूर गाठल्यावर येते. "तान्तो" हा शब्द दोन वेगळ्या सुरांवर आला, तर घसरण "आ" वर पूर्ण व्हावी आणि मग "न्तो" यावे. घसरण "न" वर गेली, की नाकातला गुणगुणाट ऐकू येतो आणि माईक तो मोठा करून दाखवतो.

माझ्या मते एका कडव्यात दोन, फार तर तीन पोर्तामेंतो पुरेत. त्यांपैकी एकच वर जाणारा असावा. वर जाणारा पोर्तामेंतो याचनेचा असतो, खाली येणारा शरणागतीचा. शब्द काय म्हणतो आहे ते पाहून निवड करावी. प्रत्येकासाठी रंगीत पेन्सिलीने तिरकी रेघ काढावी आणि रेघ नसेल तिथे घसरू नये.

रुबातो. लय ताणण्याच्या दोन वेगळ्या पद्धती आहेत. एकीत गायक आणि साथ दोघे मिळून मंदावतात किंवा पुढे सरकतात. दुसरीत साथ स्थिर राहते, गायक शब्दासाठी मागे राहतो आणि ओळीच्या शेवटी पुन्हा साथीला मिळतो. एकोणिसाव्या शतकात गायनशिक्षक मानुएल गार्सिया यांनी आपल्या गायनग्रंथात ही दुसरी पद्धत सांगितली आहे. ख्याल गाणाऱ्या-ऐकणाऱ्याला ती लगेच कळते : ठेका चालू आहे आणि गायक समेवर येऊन मिळतो. या गाण्यांत तिचाच वापर जास्त करावा. दोघांनी मिळून मंदावणे ओळीच्या शेवटासाठी राखून ठेवावे, आणि तेही प्रत्येक ओळीच्या शेवटी करू नये.

पुनरावृत्ती. ओळ परत येते तेव्हा नवे सूर घालू नयेत. आवाजाची पातळी, स्वराचा रंग किंवा लयीचे वजन बदलावे. दुसऱ्या वेळी अधिक हळू आवाजात गाणे बहुधा अधिक परिणामकारक ठरते. तिथे मोठ्याने गायचे असेल, तर त्याचे कारण शब्दांत सापडले पाहिजे. छापलेले आगंतुक सूर जसेच्या तसे गावेत. शेवटच्या विरामावर चार-पाच सुरांची छोटी जागा घ्यायची असेल, तर ती लिहून काढावी.

इशारा : हळू आवाज म्हणजे हवेशीर आवाज नव्हे. दमाचा आधार तसाच ठेवून आवाजाची पातळी कमी करता आली पाहिजे. यासाठी रोज दहा मिनिटे एकेक सूर हळू सुरू करून वाढवत नेणे आणि पुन्हा हळू करणे, हा "मेस्सा दी वोचे" चा रियाज किमान दोन महिने आधीपासून सुरू करावा. आठवडाभर आधी सुरू केलेल्या रियाजाचा उपयोग होत नाही, उलट आवाज थकतो.

## टप्पा ५ : साथीदाराबरोबर

साथीदाराला शब्दांचा अर्थ ओळीनिहाय लिहून द्यावा. पहिली तालीम गाण्याविना व्हावी. साथीदाराने वाजवावे आणि गायकाने शब्द फक्त बोलावेत. गायक जिथे थांबतो तिथे पियानो कसा वागेल, हे याच तालमीत ठरते.

नंतर प्रत्येक गाण्याच्या सुरुवातीची लय मेट्रोनोमवर (ठोके मोजणाऱ्या यंत्रावर) मोजून लिहावी. "कारो मिओ बेन" साठी मी मिनिटाला ५४ ते ६० ठोके यांदरम्यानची लय सुचवतो. याहून मंद गेल्यास श्वासासाठी ओळी तोडाव्या लागतात. लय सुटी वाटावी म्हणून आकडा लिहूच नये, असे काही गायक म्हणतात. त्यांनी एक प्रसंग लक्षात घ्यावा. एका ध्वनिमुद्रणात आम्ही एकाच गाण्याचे अकरा टेक घेतले होते. सकाळचा पहिला टेक आणि दुपारचा शेवटचा टेक यांच्या लयीत इतका फरक पडला होता, की सकाळची उत्तम पहिली ओळ आणि दुपारची उत्तम तिसरी ओळ जोडताच आल्या नाहीत. शेवटी दुय्यम टेक वापरावा लागला. आकडा आधी नोंदवून प्रत्येक टेकपूर्वी चार ठोके ऐकले असते, तर ते गाणे वाचले असते.

पेडलविषयी (सूर लांबवणाऱ्या, पायाने दाबायच्या पट्टीविषयी) स्पष्ट बोलावे. पियानोची प्रस्तावना भरपूर पेडलने वाजवून गायक सुरू होताच पेडल एकदम कमी करण्याची सवय सर्रास आढळते, आणि गायक वेगळ्या खोलीतून आल्यासारखा वाटतो.

तपासणी : सलग दोन तालमींत श्वास, पोर्तामेंतो आणि शेवटचे मंदावणे नेमके त्याच जागी येत असतील, तरच तारीख ठरवावी.

## टप्पा ६ : खोली, पियानो आणि माईक

ज्या खोलीत टाळी वाजवल्यावर नाद साधारण दीड ते दोन सेकंद टिकतो, ती या संगीताला चांगली. गोव्यातील जुन्या चर्चमध्ये हा नाद सुंदर मिळतो, पण अनेकदा तो त्याहून बराच लांब असतो आणि जोड-व्यंजने त्यात विरघळतात. शिवाय दिवसा कावळे आणि रस्त्यावरच्या दुचाकी असतात. तिथे मुद्रण करायचे असेल, तर ते रात्री करावे आणि आदल्या रात्री त्याच वेळी तासभर बसून बाहेरचे आवाज ऐकून यावेत.

पियानोला ओलावा सोसत नाही. हवेतील दमटपणा वाढला की त्याचा नादफलक फुगतो आणि सूर चढतात. कोरड्या हवेत ते उतरतात. म्हणून कोकणात, मुंबईत किंवा गोव्यात जून ते सप्टेंबरमध्ये तारीख घेऊ नये. तारीख कोणतीही असो, पियानो आदल्या दिवशी खोलीत आणून ठेवावा, आणि सूर लावणारा माणूस सकाळी आणि दुपारच्या विश्रांतीत हजर राहील असे पाहावे. वातानुकूलन मुद्रणाच्या वेळी बंद असते आणि विश्रांतीत चालू होते, या चढउतारातही सूर हलतात. खोली आधी थंड करून ठेवावी आणि दर वीस-पंचवीस मिनिटांनी थोडा वेळच यंत्र चालू करावे.

माईक ओठांजवळ ठेवू नये. चित्रपटगीतांसाठी बनवलेल्या स्टुडिओत ध्वनिमुद्रक सवयीने माईक वीतभर अंतरावर लावतो, आणि ऑपेराचा आवाज त्या अंतरावर कर्कश आणि सपाट होतो. आवाज फुलायला जागा लागते. मुख्य माईकची जोडी गायक आणि पियानो दोघांना समोरून पाहील अशी दोन ते तीन मीटरवर, डोक्यापेक्षा थोडी उंच लावावी. एकमेकांपासून १७ सेंटिमीटर अंतर आणि ११० अंशांचा कोन ही ओआरटीएफ नावाची दोन माईकची मांडणी सुरुवातीला विश्वासाची आहे. शब्द स्पष्ट यावेत म्हणून गायकासमोर सुमारे सव्वा मीटरवर एक जादा माईक ठेवता येतो, पण मिश्रणात त्याचा वाटा थोडाच असावा. मुद्रण २४ बिटमध्ये करावे. सर्वांत मोठा सूर गाऊन पातळी लावावी आणि तो सूर कमाल मर्यादेच्या सुमारे १२ डेसिबल खाली राहील असे पाहावे. आवाज दाबणारा कॉम्प्रेसर मुद्रणाच्या वेळी लावू देऊ नये. ज्या चढउतारासाठी दोन महिने रियाज केला, तोच त्यात सपाट होतो.

उंच सुरांना मागे सरकू नये. भोंग्यासमोर गाण्याच्या काळात, म्हणजे प्रसिद्ध टेनर कारुसोने १९१८ मध्ये "पिएता, सिन्योरे" मुद्रित केले त्या सुमारास, गायकांना अंतर बदलणे भाग होते. आता तसे केल्यास खोलीचा नाद प्रत्येक ओळीत बदलतो. पावलांच्या जागी जमिनीवर चिकटपट्टीच्या खुणा कराव्यात.

तपासणी : पहिल्या गाण्याची सर्वांत हळू आणि सर्वांत मोठी ओळ मुद्रित करून हेडफोनऐवजी साध्या स्पीकरवर ऐकावी. हळू ओळीतला प्रत्येक शब्द कळत असेल आणि मोठ्या ओळीत पियानो हरवत नसेल, तर मांडणी योग्य आहे.

## टप्पा ७ : ध्वनिमुद्रणाचे दिवस

बारा गाण्यांसाठी, म्हणजे सुमारे चाळीस मिनिटांच्या संगीतासाठी, तीन तासांची चार सत्रे लागतात असे धरावे. दिवसाला दोनपेक्षा जास्त सत्रे ठेवू नयेत. गाणी ज्या क्रमाने ऐकवायची त्या क्रमाने गाऊ नयेत. पहिल्यांदा मध्यम सप्तकातील सोपे गाणे घ्यावे. दुसऱ्या तासात, आवाज उबदार पण ताजा असताना, सर्वांत हळू आवाजाची आणि कठीण गाणी घ्यावीत. "वित्तोरिआ, मिओ कोरे" सारखे मोठ्या आवाजाचे गाणे शेवटी ठेवावे, कारण ते आधी गायल्यास नंतर हळू आवाज नीट लागत नाही.

प्रत्येक गाण्याची पद्धत अशी ठेवावी :

१. प्रत्येक टेकपूर्वी चार ठोके ऐकून लय बरोबर असल्याची खात्री करावी.

२. न थांबता दोन पूर्ण टेक घ्यावेत. चूक झाली तरी थांबू नये. भावनेचा सलग ओघ याच टेकमध्ये मिळतो.

३. दुसरा टेक संपल्यावर एकदाच, स्वरलिपी समोर ठेवून ऐकावे. प्रत्येक टेकनंतर ऐकायला धावल्यास गायक स्वतःच्या आवाजाचा परीक्षक बनतो आणि गाणे विसरतो.

४. नंतर मोठे भाग घ्यावेत. नेहमी एक ओळ आधीपासून सुरू करून एक ओळ पुढे जावे, म्हणजे जोडाच्या जागी नाद नैसर्गिक राहतो.

५. शेवटी, आवश्यक असेल तरच, एकेक शब्दाची दुरुस्ती करावी.

निर्मात्याने प्रत्येक टेकचा क्रमांक मोठ्याने सांगावा आणि स्वरलिपीवर बरे-वाईट त्याच वेळी नोंदवावे. दिवसाच्या शेवटी सर्वांनी गप्प राहून रिकाम्या खोलीचा अर्धा मिनिट आवाज मुद्रित करावा. दोन गाण्यांच्या मधल्या जागेत तो लागतो.

इशारा : तिसऱ्या तासात सूर उतरू लागला, तर तो दम कमी पडल्यामुळे उतरतो. अधिक जोर लावून तो वर येत नाही. त्या दिवसाचे काम तिथेच थांबवावे.

## टप्पा ८ : संकलन

संकलनात जोड नेहमी श्वासाच्या किंवा क, त, प यांसारख्या अघोष व्यंजनाच्या आधी द्यावा. पोर्तामेंतोच्या मध्ये किंवा लांब सुरावर जोड देऊ नये. दोन टेकमधील कंपाचा वेग जुळत नाही आणि जाणकार कानाला ते लगेच कळते. पोर्तामेंतो सुरू होतो त्या अक्षरापासून पुढच्या श्वासापर्यंतचा भाग एकाच टेकमधून घ्यावा.

श्वासांचे आवाज काढून टाकू नयेत. ते फार मोठे असतील, तर थोडे कमी करावेत. श्वास पूर्ण नाहीसा झाला, की गायक माणूस न राहता यंत्र वाटतो आणि पुढची ओळ कुठून निघाली ते कळत नाही. सूर आपोआप सुधारणारी संगणकीय साधने या शैलीत वापरू नयेत, कारण ती पोर्तामेंतोला पायऱ्यांमध्ये तोडतात.

दोन गाण्यांमधील शांतता सरसकट सारखी ठेवू नये. दोन गाण्यांच्या पट्ट्या दूरच्या असतील, तर ती अधिक लांब असावी. शोकगीतानंतर तर निश्चितच.

## टप्पा ९ : श्रेय

पुस्तिकेत आणि संगीतसेवांवरील नोंदीत संगीतकाराचे नाव पुस्तकावर छापले आहे तसे उतरवून काढू नये. "से तू मामी" पेर्गोलेसीच्या नावावर छापले जाते, पण बहुधा ते पारिसोत्तींनीच रचलेले आहे. "पिएता, सिन्योरे" स्त्रादेल्लाचे म्हणून प्रसिद्ध असले, तरी ते एकोणिसाव्या शतकातले मानले जाते. "कारो मिओ बेन" च्या कर्तृत्वाबाबत जुझेप्पे जोर्दानी की तोम्मासो जोर्दानी, असा वाद आहे. दुरान्तेचे "व्हेर्जिन, तुत्तो आमोर" मुळात गळ्याच्या व्यायामासाठी लिहिलेले होते आणि त्यावर शब्द नंतर बसवले गेले. अशा ठिकाणी "यांच्या नावे" असे लिहावे आणि साथीचे संपादक म्हणून पारिसोत्तींचे नाव स्वतंत्रपणे द्यावे. शब्दांचा मराठी अर्थ देणार असाल, तर तो गद्यात, ओळीस ओळ असा द्यावा. यमक जुळवण्याच्या नादात कोणता शब्द कोणत्या सुरावर आला, हे वाचकाला कळेनासे होते, आणि ऐकताना त्याला हवे असते ते नेमके तेच.